भरताची आग

गोठा जळाला त्या दिवशी मला जो भेटेल त्याने एकच गोष्ट विचारली. हात किती भाजला हे नाही, म्हैस वाचली का हेही नाही. "अक्का, चूल इझाडेल व्हती ना?" एवढंच.

चूल मी सकाळीच विझवली होती. पण एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या घराजवळ आग लागली की चूल तिचीच असते. हे आधीच ठरलेलं असतं, नंतर फक्त विचारतात.

धरणगावपासून जवळच आमचं शेत. नवरा गेल्यावर मी गावातलं घर बंद केलं आणि मळ्यातल्या दोन खोल्यांत राहायला आले. खोल्यांना लागून गोठा, गोठ्यात एक म्हैस. जमीन मुलाच्या नावावर झाली होती. हक्कसोडपत्रावर मी सही केली, अंगठा दिला नाही. चौथीपर्यंत शिकल्याचा एवढाच उपयोग झाला म्हणायचा.

मुलगा धुळ्याला नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दर दिवाळीला त्याचं एकच, माय, धुळ्याला चल. इथे एकटी पडून राहशील, कोणाला कळणार नाही. मी कंटाळून एकदा म्हटलं, ज्या दिवशी माझ्या हातून काही बिघडेल त्या दिवशी ने. तोपर्यंत विचारू नको. त्याने ते लक्षात ठेवलं. आईच्या बाकीच्या गोष्टी मुलं विसरतात, अशा बरोबर ठेवतात.

शेजारचं शेत पुतण्याचं. माझ्या जेठांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा मुलगा. मधे फक्त बांध. तो जळगावला कचेरीत चांगल्या जागेवर होता आणि शेतात वर्षातून एकदाच यायचा, हिवाळ्यात, भरताच्या पार्टीला. साहेब लोक, त्यांच्या बायका, दोन-तीन गाड्या. आमच्याकडे या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या शेतात भरीत असतंच. कपाशी निघालेली असते, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात. त्याच पेटवायच्या, त्यावर हिरवी पांढरी मोठी वांगी भाजायची, आणि बडजीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, मिरची, लसूण टाकून ठेचायची. भरीत करायला गावातलाच एक माणूस होता. हिवाळाभर त्याला तेच काम.

भरताच्या आगीवर आम्ही पाणी टाकत नाही. शेवटची वांगी गरम राखेत पुरून ठेवतात, घरी न्यायला. पाणी पडलं की वांग्याला राखेचा ओला वास लागतो आणि ते वाया जातं. म्हणून पाणी नाही, पण राख निवेपर्यंत एक माणूस तिथून हलायचा नाही. आमच्या सासऱ्यांच्या वेळी हे काम घरातल्या सगळ्यात रिकामटेकड्या माणसाला द्यायचे आणि त्यावरून त्याची चेष्टा करायचे. पुतण्याच्या पार्टीत असा रिकामा माणूस कोणी नव्हता. सगळे साहेब.

दुपारी पुतण्या स्वतः ताट घेऊन बांधावरून आला.

"काकू, खाई ले. गरमगरम शे."

शेजारच्या शेतात ताट पाठवायचं ही रीत आहे, ती त्याने पाळली. मी म्हटलं, "बांधले लागीसन आग कसाले करी रे?"

"पऱ्हाट्या तठेच व्हत्या ना काकू. वाही कोन नेई?" असं म्हणून हसला आणि गेला. वाहून कोण नेणार. मी भरीत खाल्लं आणि ताट धुऊन ठेवलं. तिकडे जेवणं झाल्यावर सगळी मंडळी विहिरीपलीकडे केळीचा बाग बघायला गेली. बायकांना केळीच्या घडाजवळ फोटो काढायचे होते.

पौषात दुपार कलली की आमच्याकडे वारा सुटतो. रोज सुटतो. मी पडले होते, म्हशीच्या ओरडण्याने उठले. बांधावरच्या पऱ्हाट्यांची रास पेटली होती, तिच्यावरून आग माझ्या कडब्याच्या गंजीवर आली होती, आणि गंजीवरून गोठ्याच्या कुडाला लागली होती. कूडही पऱ्हाट्यांचाच. म्हैस साखळीने बांधलेली होती, कारण दोर ती चावून तोडायची. साखळी तापली होती. कडी काढता काढता माझा उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, पण मूठ वळत नाही. म्हैस सुटली, पण तिची कास भाजली होती. ज्याने जनावर पाळलं आहे त्याला यापुढचं सांगायला नको. ती उभी राहायची आणि मी जवळ गेले की पाय झाडायची. गाभण होती. पोटातल्या रेडकासकट गेली.

तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा मी धरणगावच्या दवाखान्यात होते. पुतण्या शेतात होता. त्याने सांगितलं ते लिहिलं गेलं, चुलीतली ठिणगी उडून आग लागली असावी. मी परत आल्यावर त्याला विचारलं तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुनी चूल व्हती ना तठे, काकू. मी बी काय सांगू? ठिणगी उडनी व्हई."

मुलगा धुळ्याहून आला होता. त्याने माझा हात बघितला, डोळ्यांत पाणी आणलं आणि लगेच म्हणाला, "माय, तूच सांगेल व्हतं ना? मना हाते काही बिघडनं का माले लई जाय."

"मना हाते बिघडनं नही."

"लिखेल शे ना पंचनामामा."

मला तेव्हा कळलं की पंचनामा त्याच्या सोयीचा होता. पुतण्याला आग नको होती आणि मुलाला आई मळ्यात नको होती. दोघांचं काम एका ओळीत झालं. मी मुलाला सांगितलं, कोर्टाला सांगू दे चूल माझी होती. मग मी माझं गाठोडं स्वतः बांधीन. आणि कोर्टाने सांगितलं की नव्हती, तर पुन्हा धुळ्याचं नाव काढायचं नाही. तो म्हणाला, बरं. त्याला वाटलं मी कोर्टात जाणारच नाही.

त्याआधी भाऊबंद बसले. जेठांच्या वयाचे एक आबा, गावात त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "घरनं घरमा मिटाडा. कोर्टमा गयं का बठ्ठा गावले तमाशा. तो तुले नवी म्हैस लई देई, पत्रा टाकी देई. काकूले मदत म्हनीसन."

"मदत कसानी? मी भीक मांगस का?" मी म्हटलं. "त्यानी सांगाले पाहिजे, आग मनी व्हती. मंग तो म्हैस देवो नाहीतं शेळी देवो."

"आते त्याना तोंडवरी कसाले बोलाडस? नोकरीवाला मानूस शे."

पुतण्या मोबाईल बघत बसला होता. मदत द्यायला तो तयार होता, भरपाई द्यायला नव्हता. मदत दिली की माणूस मोठा होतो. भरपाई दिली की कळतं, याने काहीतरी केलं होतं. हा फरक मला कोणी शिकवला नाही, त्या बैठकीत समोरच दिसत होता.

जळगावच्या एक वकील बाई मिळाल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी आधी मला घरी पाठवायचा प्रयत्न केला, मग ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "आजी, पोलिसांकडे जाऊन त्यांना शिक्षा करायची का? तो वेगळा रस्ता. आपला रस्ता दिवाणी. त्यात कोणी तुरुंगात जात नाही. एकाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचं नुकसान झालं, तर ते भरून द्यायचं, एवढंच."

"तेवढंच पाहिजे."

"मग आपल्याला दाखवावं लागेल की तुमची काळजी घेणं त्यांच्यावर बंधनकारक होतं."

मी म्हटलं, "शेजाऱ्याचं घर जाळू नये, हे दाखवावं लागतं?"

त्या हसल्या. "ते सोपं आहे. पुढचं अवघड. त्यांनी ती काळजी घेतली नाही, आणि नेमकं त्याच्यामुळेच तुमचा गोठा जळला, दुसऱ्या कशाने नाही. तिथे ते तुमची चूल आणणार. मग वारा आणणार. मग तुमची गंजी, तुमची साखळी, सगळं आणणार. तयार राहा."

गोठा मुलाच्या जमिनीवर होता, त्यामुळे त्याचा दावा मुलाने करायचा. मुलाने केला नाही. भाऊबंदांशी वाकडं नको. मी माझ्या म्हशीचा, चाऱ्याचा आणि हाताचा दावा लावला.

कोर्टाला वर्षं लागली. तारखेला एसटीने जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. म्हैस नसलेल्या घरात सकाळी काय करायचं हे मला समजत नव्हतं, तेव्हा तारखा बऱ्या वाटायच्या असं म्हणायला हरकत नाही. गावात बायका माझ्याशी बोलताना दबकून बोलायला लागल्या. पुतण्याची बायको देवळात दिसली की बाजूच्या बाईला मोठ्याने सांगायची, "आमना काकूले गनज कायदा समजस आते. दूरथून बोला."

भरीत करणारा माणूस आधी मला म्हणाला होता, "अक्का, मी पानी टाकाले गऊ तं भाऊ म्हने नको, वांगा शेतस आखो. मी थांबनू. मंग भाऊनीच सांगं, तू बी चाल, बाग देखी ये." भाऊ म्हणजे पुतण्या, राखेत वांगी आहेत म्हणून त्यानेच पाणी टाकू दिलं नव्हतं. हे तो माझ्या अंगणात, माझा चहा पिऊन बोलला. कोर्टात उभा राहिला तेव्हा म्हणाला, "साहेब, माले याद नही." त्याच्याकडे बघून मला राग आला नाही. हिवाळाभर त्याला पुतण्याच्याच ओळखीची कामं मिळतात. याद ठेवून तो काय खाईल?

पुतण्याच्या वकिलांनी आधी म्हटलं, आग त्यांच्या अशिलाने पेटवलीच नाही, आचाऱ्याने पेटवली. वकील बाई उठून म्हणाल्या, ज्याने माणसाला कामावर लावलं आणि काय कर, काय नको हे सांगितलं, त्याने त्या माणसाच्या चुकीचीही जबाबदारी घ्यायची असते. मग ते वकील वाऱ्यावर आले. वारा ही देवाची करणी, त्यावर कोणाचा ताबा? वकील बाईंनी विचारलं, हा वारा दर हिवाळ्यात येतो की त्याच वर्षी देवाने पाठवला? न्यायाधीश साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

मग माझी उलटतपासणी. ते वकील मोठे गोड बोलत होते.

"आजी, त्या दिवशी भरीत खाल्लं?"

"खाल्लं."

"कसं होतं?"

"मीठ कमी होतं."

मागच्या बाकावरची माणसं हसली. वकीलही हसले आणि म्हणाले, "म्हणजे शेजारी आग पेटवलेली तुम्हाला माहीत होती. त्या आगीवरचं तुम्ही खाल्लंत, आणि हरकत घेतली नाही. धोका माहीत असून तुमची संमती होती."

"भरीत आगीवरच करतात. मी भरताला हो म्हटलं म्हणजे गोठा जाळायला हो म्हटलं का?"

साहेब म्हणाले, "आजी, विचारलं तेवढंच सांगा."

"कडब्याची गंजी गोठ्याला लागून होती?"

"होती."

"दरवर्षी तिथेच रचता?"

"नाही. त्या वर्षी पलीकडे पाईपलाईन खोदली होती, म्हणून इकडे आणली."

"म्हशीला साखळी का? दोर असता तर कापून सोडता आली असती."

"दोर असता तर ती आधीच चावून गेली असती. मग तुमच्या अशिलाच्या केळीत शिरल्याचा दावा माझ्यावर लागला असता."

पुन्हा हसले. मला हसवायचं नव्हतं. नंतर हाताचं निघालं. या वयात उजव्या हाताने तुम्ही नेमकं काय काम करायचात? मी म्हटलं, म्हशीची धार काढायचे. तर ते म्हणाले, "आता म्हैस नाही. मग त्या कामासाठी हात नसल्याने रोजचं नुकसान काय?" हे ते खरंच विचारत होते. एका आगीने म्हैस नेली आणि हात नेला, तर दोन नुकसानं एकमेकांत फिटली. साहेबांनी त्यांना पुढे चला म्हटलं.

पुतण्याची पाळी आली. त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणं शुद्ध. चूल, ठिणगी, सगळं त्याने नीट पाठ केल्यासारखं सांगितलं. वकील बाईंनी चुलीबद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "जेवण झाल्यावर तुम्ही आग विझवली होती?"

"आग विझलेलीच होती. राख होती."

"राख गरम होती?"

"असणारच. आत वांगी होती."

"तिच्यावर पाणी टाकलंत?"

इथे त्याने हुशारीने गप्प बसायचं होतं. त्याच्या वकिलांनी मानेने काहीतरी खुणावलंही. पण त्याला वाटलं, ही शहरात वाढलेली पोर, हिला शेतातलं भरीत माहीत नाही. तो हसून म्हणाला, "मॅडम, भरताच्या राखेवर पाणी कोण टाकतं? आमच्याकडे शेतात नाही टाकत. वांगी खराब होतात."

"बरोबर. मग राखेजवळ कोण बसलं होतं?"

त्यालाही ते माहीत होतं, लहानपणी त्याच्या बापालाच तिथे बसवायचे. तो म्हणाला, "कोणी नव्हतं. सगळे बाग बघायला गेलो होतो."

वकील बाई खाली बसल्या. रीतीतलं चवीचं तेवढं त्याने पाळलं होतं आणि कष्टाचं तेवढं सोडलं होतं. हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तेही ऐटीत.

निकाल लागला तेव्हा मुलगाही आला होता. वकील बाईंनी बाहेर व्हरांड्यात मला समजावून सांगितलं. आग भरताच्या राखेतून गेली. चुलीचा पुरावा नाही. वारा नेहमीचा होता, देवाची करणी नाही. भरीत खाल्लं म्हणजे संमती नाही. निष्काळजीपणा पुतण्याचा. मी मुलाकडे बघितलं. त्या वेळी मला वाटलं, आता हा तोंड उघडणार नाही.

"फक्त एक आहे आजी," वकील बाई म्हणाल्या. "गंजी गोठ्याला लागून रचली, त्यामुळे आग गोठ्यापर्यंत पोहोचली, असं कोर्टाने म्हटलंय. म्हणून चौथा हिस्सा जबाबदारी तुमच्यावर धरली. भरपाईतून तेवढं वजा होईल. पण आपण जिंकलो."

मी विचारलं, "त्या चौथ्या हिश्श्याचं अपील करता येतं?"

"येतं. पण त्यात तुमच्या हाताला काही लागणार नाही. वर्षं जातील."

"माझी आहेत ती जाऊ द्या."

मुलगा मधे पडला. "मॅडम, अपील वगैरे काही नाही. ती थकलीये." मग माझ्याकडे वळला, आणि आवाज एकदम मऊ. "माय, आते तं कोर्टनी बी सांगं. तुनी बी चूक शे. तू म्हने, कोर्टले सांगू दे. सांगं ना कोर्टनी?"

"चौथा हिस्सा सांगं."

"चूक ती चूक, माय."

"मंग चौथा हिस्सा साल माले धुळाले ठेव. बाकीनं मी मळामा ऱ्हास."

वकील बाई हसायला लागल्या आणि मुलाचं तोंड बघून थांबल्या. त्याच्या मनात सगळं आधीच ठरलेलं होतं. त्याच महिन्यात त्याने गाडी आणली आणि दोन खोल्यांना कुलूप लावलं.

शेत त्याने निम्म्याने करायला दिलं. कोणाला, तर पुतण्याला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "दुसरं कोण करी? तो घरना शे. आनि त्याना मनमा बी काही ऱ्हावाले नको." जिच्यावर एक हिस्सा चूक धरली तिला गाडीत घातलं, आणि ज्याच्यावर तीन हिस्से धरली त्याच्या हातात शेत दिलं. हा हिशेब कोणत्या कोर्टाचा, मला माहीत नाही. वकील बाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, जमीन मुलाची आहे. त्याने कोणाला द्यायची यात तुमचा कायदेशीर हक्क नाही."

पुतण्याने भरपाई भरली. तिच्यातून मुलाने गॅलरीला जाळी बसवली, मी वाकून पडू नये म्हणून. सून वाईट नाही. पण कामाला जाताना गॅसचं सिलिंडर बंद करून जाते, आणि माझा चहा थर्मासमध्ये भरून ठेवते. मी एकदा म्हटलं, मूठ वळत नाही, पण बटण फिरवता येतं. ती म्हणाली, "आई, तुमची काळजी वाटते हो. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

अपिलाची मुदत गेली. मुदत जायच्या आत मी वकील बाईंना दोनदा फोन केला होता. त्या म्हणाल्या, कोर्टात येऊन सही करा, मी फुकट करते. मुलगा म्हणाला, रविवारी नेतो. रविवारी कोर्ट बंद असतं.